हुडहुडीचा नियम

शीतगृहाच्या आत घड्याळ टिकत नसे. थंडीने काटे जागच्या जागी अडकून पडत. म्हणून तिथल्या हमालांनी आपलाच एक नियम केला होता. आत जोडीनेच जायचं, आणि दोघांपैकी एकाला जरी हुडहुडी भरली, तरी दोघांनीही बाहेर यायचं. अंगासारखा प्रामाणिक पहारेकरी नाही, असं सगळ्यांचंच मत होतं.

पंचाईत एवढीच, की मुकादमाला हुडहुडी भरायचीच बंद झाली होती. वर्षानुवर्षं मटारची आणि मासळीची खोकी रचून त्याच्या अंगाने थंडीशी तडजोड करून टाकली होती. आधी बोटं दुखायची थांबली, मग दात वाजायचे थांबले. या गोष्टीचा त्याला भारी अभिमान. बायको म्हणायची, "तुमच्या शेजारी झोपलं की पाठ गारठते माझी." तो ते हसण्यावारी न्यायचा.

त्याच बायकोने आपला धाकटा भाऊ तिथे कामाला लावताना बजावलं होतं, "आईबाबांच्या मागे एवढाच आहे मला. सांभाळा त्याला."

"माझ्याच जोडीला घेतो, मग तर झालं?" मुकादम म्हणाला.

इथेच घोडं पेंड खात होतं. आता जोडीत पहारेकरी एकच उरला, मेहुण्याचं अंग. आणि मुकादम उठसूट त्याचीच टर उडवायचा.

त्या दुपारी थप्पी अर्ध्यावर आली आणि मेहुण्याचे दात वाजू लागले.

"भाऊजी, बाहेर जाऊ या."

"एवढी थप्पी होऊ दे. लगेच काय रडगाणं? जरा सोस, अंग आपोआप शिकतं."

मेहुणा बिचारा ओशाळला आणि पुन्हा खोकी उचलू लागला. बऱ्याच वेळाने त्याचे दात वाजायचे थांबले. मुकादमाचा ऊर भरून आला.

"बघ, लागली की नाही सवय? शेवटी मेहुणा कोणाचा."

मेहुणा हसला. ते हसू तोंडावर जरा जास्तच वेळ राहिलं. मग हातातलं खोकं त्याने थप्पीवर न ठेवता तसंच सोडून दिलं, आणि पडलेल्या खोक्याकडे न बघता कोटाची बटणं उघडायला लागला.

"अरे, काय करतोस?"

"उकडतंय," तो जड जिभेने म्हणाला. "ताईला म्हणावं, खिडकी उघड."

त्या खोलीला खिडकी नव्हती. मुकादमाच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. पोराच्या अंगाने सवय करून घेतली नव्हती, हात टेकले होते. बाहेरून दोन्ही अगदी सारखंच दिसतं, हे त्याला इतक्या वर्षांत कधी सुचलंच नव्हतं.

मेहुण्याला खांद्यावर टाकून तो बाहेरच्या खोलीत धावला. त्याचा कोट, सदरा काढला, स्वतःचाही काढला आणि त्याला उराशी घट्ट धरलं. माणसाची ऊब माणसाला द्यायची, एवढं तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. पण मेहुण्याचे ओठ आणखीच निळे पडत चालले. दार सांभाळणारी बाई धावत आली. तिने दोघांच्या मध्ये हात घातला आणि झटकन मागे घेतला.

"मुकादम, सोडा त्याला," ती हळूच म्हणाली. "तुम्ही त्याच्याहून गार आहात."

तिने त्याला ओढून घेतलं, आपल्या शालीत गुंडाळून कुशीत धरलं. कितीतरी वेळाने मेहुण्याचे दात पुन्हा वाजले. त्याहून गोड आवाज मुकादमाने जन्मात ऐकला नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वाचला. बायको भावाच्या उशाशी बसली होती. तिचे हात थरथरत होते, धाप अजून ओसरली नव्हती. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्हाला काहीच वाटलं नाही?"

"काळजाचं पाणी पाणी झालं होतं गं."

तो खरंच बोलत होता. एवढा तो आयुष्यात कधी घाबरला नव्हता, आणि ती भीती अजून गेली नव्हती. बायकोने त्याचा हात हातात घेतला. हात कोरडा होता, जराही हलत नव्हता. तिने त्याच्या छातीवर तळवा ठेवला. आत ठोके सावकाश पडत होते, दुपारचं जेवून आडव्या झालेल्या माणसासारखे.

तिने बराच वेळ तळवा तसाच ठेवला. मग उठली आणि खाटेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.

"खरंच घाबरलो होतो," मुकादम म्हणाला. आणि एखादं तरी बोट थरथरतंय का, हे बघत बसला.