निळा अंगठा

पाहुणे यायला अजून अवकाश होता, म्हणून ताईने ओलं फडकं घेतलं आणि भिंतीलगत आडव्या लावलेल्या शिड्या पुसायला सुरुवात केली. खरं तर शिड्या स्वच्छच होत्या. पण हात रिकामे असले की ताईचा जीव थाऱ्यावर राहत नसे, आणि आज तर तो सकाळपासूनच टांगणीला लागला होता.

येणारी कंपनी मोठमोठ्या इमारतींची देखभाल करणारी. दिवे बदलणं, भिंती धुणं, गळती शोधणं. थोडक्यात, दिवसभर शिडीवर असणाऱ्या माणसांची कंपनी. त्यांनी शिड्या घ्यायला होकार दिला तर घरच्या कारखान्याला शेजारचा गाळा घेता येणार होता. नकार दिला तरी फार काही बिघडणार नाही, असं धाकटा म्हणायचा. धाकटा म्हणजे ताईचा भाऊ, कारखान्याचा मालक, आणि सगळ्याच बाबतीत असं म्हणणारा माणूस. ताईचं तसं नव्हतं. या एका भेटीसाठी तिने कंपनीच्या दारात इतक्या चकरा मारल्या होत्या की तिथला वॉचमन तिला आपल्याच ऑफिसातली समजून सलाम ठोकायचा.

बाबांच्या हयातीत बाबा शिड्या बनवायचे आणि गिऱ्हाइकाची वाट बघत बसायचे. माल चांगला, पण पत्ता कुणाला माहीत नाही. त्यांची एक रीत होती. शिडी तयार झाली की ते स्वतः तिच्यावर चढायचे, अगदी वरपर्यंत, आणि प्रत्येक पायरीवर टाचेने दणका द्यायचे. मग खाली उतरून निळ्या रंगात अंगठा बुडवायचा आणि सगळ्यात वरच्या पायरीखाली उमटवायचा. हे ते कुणाला सांगायचेही नाहीत. बाबा गेल्यावर धाकट्याने तीच रीत चालू ठेवली. नोकरी सोडून आलेल्या ताईने ती पाहिली तेव्हा कपाळावर हात मारून घेतला. एवढी सोन्यासारखी गोष्ट, आणि तीही पायरीच्या खाली, कुणाला दिसू नये अशी.

तिने अंगठा उजेडात आणला. पाटीवर, पत्रकावर, टेम्पोच्या पाठीवर निळा अंगठा, आणि त्याखाली ‘आम्ही चढून बघितल्याशिवाय शिडी देत नाही’. गिऱ्हाईक येईल म्हणून बसून राहणं तिने बंद केलं आणि ती स्वतःच गिऱ्हाइकाच्या दारात उभी राहू लागली. बांधकामांवर चहाच्या सुट्टीत जायची, धाकट्याला भर बाजारात शिडीवर चढवायची, त्याचे दणके मोबाइलवर टिपायची. आपल्याला स्वतःला तिसऱ्या पायरीवरच गरगरतं, हे मात्र तिने जगापासून शिताफीने लपवलं होतं. विकलेल्या शिडीची विचारपूस करायला ती फोन करायची. शिडी कशी आहे, डुगडुगत तर नाही ना, आणखी कुणाला हवी आहे का. लोकांना अप्रूप वाटायचं. चप्पल विकणारासुद्धा नंतर पाय कसे आहेत विचारत नाही. धंदा वाढला तो असा, आणि गेल्या काही महिन्यांत तर इतका की धाकट्याला धड जेवायला फुरसत मिळेना.

पुसता पुसता ती एका शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीपाशी वाकली.

धाकट्याच्या अंगठ्यावर पत्र्याने कापल्याची तिरकी खूण होती. ती ठशातही यायची. कधी ठसठशीत, कधी पुसट, कधी रंग जास्त झाला की बुजून जायची. या शिडीवर ती अगदी स्पष्ट होती. शेजारच्या शिडीवरही तशीच. तिच्या पलीकडच्या शिडीवरही. आणि प्रत्येक ठशाच्या डाव्या कडेला रंग न लागलेला एक बारीक ठिपका, त्याच जागी, त्याच आकाराचा. जिवंत माणसाचा अंगठा इतका शिस्तीत वागत नाही. ताई फडकं तिथेच टाकून आत गेली.

धाकटा आतल्या खोलीत शर्ट बदलत होता. तिने टेबलाचा खण उघडला तेव्हा त्याने अडवलंही नाही. खणात निळी शाई लागलेला रबरी शिक्का होता.

“कधीपासून?” तिने विचारलं.

“मोठ्या ऑर्डरी यायला लागल्या तेव्हापासून.” त्याने बटणं लावणं थांबवलं नाही. “ऑर्डरी तू आणतेस, ताई. चढायला मी एकटाच आहे.”

बाकीचं त्याने भराभर सांगून टाकलं. एकेक शिडी पुरी चढून, दणके देऊन उतरायचं म्हणजे दिवस त्यातच जातो. गुडघे बोलायला लागलेत. पायऱ्या दांड्यांना जोडणारे रिव्हेट आता मशीन मारतं, आणि मशीनला बाबांसारखी दुपारची डुलकी लागत नाही. आजवर एक तक्रार नाही, हे तर तिलाच ठाऊक, फोन तीच करते. यातलं काही खोटं नव्हतं, आणि म्हणूनच ताईचं डोकं जास्त फिरलं. लबाडी त्याने केली होती, पण ती करायला लावणारी घाई तिने घरात आणली होती. पत्रकावर आपण काय छापलंय ते तरी आठवतंय का, असं ती म्हणते न म्हणते तोच बाहेर गाडी थांबली.

“आजचं निभावून ने,” धाकटा हळूच म्हणाला. “उद्यापासून सगळ्या चढतो.”

ताईने खण ढकलून बंद केला. ती हसतमुखाने दाराशी गेली, कारण हसणं तिला सवयीने जमत होतं.

दोघं आले होते. एक खरेदीचे साहेब, काटकुळे, सारखे घड्याळाकडे बघणारे. दुसरे एक आडदांड गृहस्थ, कंपनीत माणसांच्या सुरक्षेचं काम बघणारे. ते काही न बोलता छत, जमीन, मशीन आणि माणसं अशी सगळ्यांवरून नजर फिरवत होते.

ताईने पाठ असलेलं सगळं सांगितलं. बाबा, त्यांची रीत, निळा अंगठा. रोजचीच वाक्यं, पण आज ती सांगताना तिने रांगेतल्या शिड्यांकडे बघायचं टाळलं. साहेबांना मात्र ते आवडलं. चाचणीचे कागद सगळेच नाचवतात, मालक स्वतः चढतो असं कुणी म्हणत नाही, असं म्हणून त्यांनी रांगेतली मधलीच एक शिडी दाखवली. हिच्यावर चढून दाखवा म्हणाले.

धाकट्याने शिडी काढली, भिंतीला टेकवून उभी केली, तिच्या पायाची रबरं जमिनीवर दाबून बघितली. हिच्यावर आजवर कुणाचा पाय पडलेला नाही, हे त्याला माहीत होतं आणि आता ताईलाही. तिने जीभ दातांखाली धरली. चढेल आणि उतरेल, तिने स्वतःला समजावलं. इतक्या शिड्या गेल्या, कुणाला काय झालं?

“तुम्ही नको,” आडदांड गृहस्थ पहिल्यांदाच बोलले. “तुम्हाला सवय आहे. आमची माणसं माझ्यासारखी असतात. मी चढतो.”

त्यांनी जॅकेट काढून साहेबांच्या हातात दिलं आणि पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मग दुसऱ्या. अॅल्युमिनियम जरासं कुरकुरलं. नवी शिडी थोडीफार कुरकुरतेच, हे ताईला पक्कं माहीत होतं आणि त्याचा आत्ता काडीचाही उपयोग नव्हता. धाकटा तिच्याकडेच बघत होता. गप्प राहा, एवढंच त्या नजरेत होतं.

“उतरा,” ताई म्हणाली.

दोन्ही पाहुण्यांनी वळून बघितलं.

“कृपा करून खाली उतरा. या शिडीवर कुणीच चढलेलं नाही. तो ठसा शिक्क्याचा आहे.”

साहेबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग धाकट्याकडे, आणि मग घड्याळाकडे. पत्रक तेवढं बदलून घ्या, असं म्हणून ते गाडीकडे चालू लागले. आडदांड गृहस्थ सावकाश खाली आले आणि ताईपाशी थांबले.

“सांगितलंत ते बरं केलंत,” ते म्हणाले. “पण तुमचा भाऊ चढणार होता तेव्हा तुम्ही गप्प होतात.”

ते उत्तरासाठी थांबले नाहीत. तोंडात मारल्यासारखी ती तिथेच उभी राहिली. गाडीचा आवाज विरून गेला तरी तिला धाकट्याकडे वळून बघवेना.

धाकटा मात्र पेटला होता. इतक्या महिन्यांची मेहनत एका शब्दात मातीत घातलीस, म्हणाला. काय होणार होतं, सांग ना. आणि तिला सांगायला उसंत न देता तो तीच शिडी सरसर चढला आणि एकेका पायरीवर असे दणके दिले की भिंतीचे पोपडे खाली आले. शिडी ढिम्म.

“बघितलंस?” तो वरून म्हणाला.

ताईने बघितलं. शिडी खणखणीत होती. ती तोंड मिटून राहिली असती तर साहेब आत्ता आत बसून चहा घेत असते आणि शेजारच्या गाळ्याचं बोलणं सुरू झालं असतं. तिला क्षणभर आपलीच चीड आली.

त्याने दुसरी शिडी लावली. तीही धड निघाली. तिसरी चढताना राग ओसरला होता, पण आता तो हट्टाला पेटला होता. ताईने खालून शिडी धरली. लहानपणी बाबा चढायचे तेव्हा ती अशीच धरून उभी राहायची, आणि बाबा वरून विचारायचे, धरलीस ना नीट? धाकट्याने तसं काही विचारलं नाही. आणखी काही शिड्या झाल्या. मग साहेबांनी निवडलेल्या शिडीच्या अगदी लगत जी लावलेली होती, तिची पाळी आली. तो बराच वर पोचला, टाच आपटली, आणि पायरी त्याच्या पायाखालून फिरली.

एक बाजू सुटून पायरी खाली लोंबली. धाकटा हातांवर लटकला, पाय हवेत चाचपडत राहिले आणि मग कसेबसे खालच्या पायरीला लागले. ताईने डोळे मिटून शिडी दोन्ही हातांनी कवटाळली होती. तो खाली आला तेव्हा त्याचे ओठ पांढरेफटक पडले होते.

निसटलेला रिव्हेट त्याने उजेडाकडे धरला. बाहेरून टोपी कशी गोल, सुबक. आतलं टोक मात्र नीट पसरलेलंच नव्हतं. मशीनला डुलकी लागत नाही हे खरं, पण मशीन झिजतं, आणि झिजलं की ते कुणाला सांगत नाही. नुसतं बघून हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं. बाबांच्या टाचेला कळलं असतं.

“यातल्या बाहेर किती गेल्यात?” ताईने विचारलं.

“थोड्याच. या आठवड्यातलाच माल आहे.” मग तो अडखळला. “त्यातल्या पहिल्या शिड्या पेंटरकाकांनी नेल्या.”

पेंटरकाका बाबांच्या वेळचं गिऱ्हाईक आणि ताईची चालतीबोलती जाहिरात. भेटेल त्या रंगाऱ्याला ते निळ्या अंगठ्याचं कौतुक ऐकवायचे. ताईच्या पहिल्या व्हिडिओत छाती पुढे काढून बोलणारे तेच. सध्या त्यांचं काम एका सभागृहात चालू होतं, आणि त्याचं छत किती उंच आहे हे त्यांनीच तिला कौतुकाने सांगितलं होतं.

ताईने काकांना फोन लावला. तो नुसता वाजत राहिला. धाकटा भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. कट होता होता फोन उचलला गेला.

“बोल पोरी.” काकांचा आवाज घुमत होता. “अगदी वेळेवर केलास. शिडीवरच उभा आहे. विचारपूस ना? झकास आहे तुझी शिडी. दगड आहे दगड.”

“काका, जरा ऐका.”

“मीच ऐकवतो तुला. थांब, एक दणका देतो, घाल तुझ्या व्हिडिओत.”

“नको, काका.” तिचा आवाज इतका शांत निघाला की तिलाच नवल वाटलं. ओरडली असती तर म्हातारा दचकला असता. “दणका देऊ नका. फोन चालूच राहू द्या आणि खिशात टाका. दोन्ही हातांनी शिडी धरा.” धाकट्याने खुणेने काहीतरी सांगितलं. “पाय पायरीच्या कडेला ठेवा, मधोमध नको. आणि सावकाश खाली या.”

“का गं? काय झालंय?”

“खाली आलात की सांगते.”

मग कापडाची घसट ऐकू आली, मग बुटाचा आवाज, मग काकांचा श्वास. बोलून पोट भरणारी बाई आता कान देऊन नुसती उभी होती. मध्येच धातू करकरला आणि सगळे आवाज थांबले. धाकट्याने गुडघ्यात डोकं घातलं. मग पुन्हा बूट वाजला. पुन्हा. पुन्हा.

“उतरलो बाई,” काका धापा टाकत म्हणाले. “आता बोल.”

शिडी विकताना ताईला कधी शब्द कमी पडले नव्हते. आत्ता तिने लागतील तेवढेच वापरले.

“काका, तुम्ही नेलेल्या शिड्यांवर आम्ही चढलोच नव्हतो. अंगठा शिक्क्याचा आहे. पायरी सुटू शकते.”

सभागृहात कुणीतरी रंगाचा डबा खाली ठेवल्याचं ऐकू आलं.

“पण मी चढलो होतो ना,” काका म्हणाले. आवाजात राग नव्हता. असता तर तो ताईला सोसला असता. “तुझ्या बाबांचा अंगठा म्हणून चढलो होतो.”

आणि त्यांनी फोन ठेवला.

“काय म्हणाले?” धाकट्याने विचारलं.

ताईने फोनची काच बाहीला पुसली.

“पुढचं कोण?” ती म्हणाली. “नाव सांग.”