सतरंजीच्या वेण्या

माझा जन्म तुरुंगातला. दचकू नका, गुन्हा माझा नव्हता. मी सतरंजी. कारागृहाच्या हातमागावर कडूबा नावाच्या कैद्याने मला विणलं, निळे-पांढरे पट्टे घातले आणि दोन्ही टोकांना निळ्या दोऱ्यांची लांब झालर सोडली. तो तासन्‌तास मान खाली घालून विणायचा. श्वासाकडे लक्ष दे, असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. तरी त्याच्याइतकं शांत बसलेलं माणूस मला पुढे दिसलं नाही.

तिथून मी धाड नावाच्या बाजारगावाजवळच्या एका खेड्यातल्या शाळेत आले. झेंडावंदनाला पाहुणे खुर्च्यांवर आणि मुलं माझ्यावर. एरवी मी खिचडीच्या तांदळाच्या पोत्यांमागे गुंडाळलेली. उंदरांनी माझा एक कोपरा चाखून पाहिला, पण त्यांना मी काही आवडले नाही.

मग स्नेहलता मॅडम आल्या. चिखलीच्या, कचेरीतून निवृत्त झालेल्या. दर बुधवारी स्वतःहून, एका पैशाची अपेक्षा न ठेवता जीपच्या गर्दीत अंग चोरून बसून यायच्या. मुलांची मनं शांत करायची, हा त्यांनी ध्यास घेतला होता. बाई मनाने खरंच चांगल्या. फक्त शांततेची त्यांना फार घाई असायची.

"डोळे मिटा. श्वास आत... थांबा, थांबा, फोटो राहिला. हं, आता पुन्हा मिटा."

मुलं मिटायची. चंद्रशेखर सर खुर्चीत बसल्याबसल्या सगळ्यांत आधी मिटायचे आणि सगळ्यांत शेवटी उघडायचे.

तास संपला की मॅडम एक तक्ता पुढे करायच्या. त्यावर हसरा, रडका, रागीट असे चेहरे. ज्याला जसं वाटतं त्याने तिथे बोट ठेवायचं. पहिल्या बुधवारी अजहर नावाच्या पोराने रडक्यावर बोट ठेवलं. मॅडमनी त्याला बाजूला घेऊन जिव्हाळ्याने इतका वेळ समजावलं की तोवर खिचडी संपली. पुढच्या बुधवारपासून सगळी शाळा आनंदी झाली. अहवालात तसं लिहिलंही गेलं.

फलक नावाची मुलगी माझ्या टोकाला बसायची. तिसरीतली पोर, केस कमरेपर्यंत आणि नेहमी विस्कटलेले. रोज परिपाठाला सर सगळ्यांसमोर तिला टोकायचे, "वेण्या कुठंयत?" ती खाली बघायची. हसऱ्या चेहऱ्यावर मात्र तिचंही बोट पडायचं.

एके बुधवारी ती शेजारच्या गौसियाच्या कानाशी कुजबुजली, म्हणून मला कळलं. "नानी बिमार हाय. अम्मी सुलतानपूरले जाऊन महिना झाला. अब्बाले वेणी येत नाही. सर रोज बोलतेत म्हून उद्या धाडच्या बाजारात न्हाव्याकडं नेतो म्हंते. अम्मी आली अन् केसच नसले तं?"

"मंग तूच घाल ना वं."

"शिकून राह्यली ना."

कुठे शिकत होती, ते मला ठाऊक होतं. मॅडम "डोळे मिटा" म्हणाल्या की फलक खरोखर मिटायची. अगदी घट्ट. आणि हात मागे नेऊन माझ्या झालरीचे दोरे तीन पेडांत घेऊन वेणी घालायची. आपली वेणी काही आपल्याला दिसत नाही, ती न बघताच घालावी लागते. सबंध वर्गात मन लावून बसलेली तेवढी एकच होती. तिच्या बोटांचा मला फार लळा लागला होता.

त्याच दिवशी मॅडमचं लक्ष गेलं. पुढच्या बुधवारी साहेब पाहणीला येणार होते आणि माझ्या टोकाला ओळीने वेण्या लोंबत होत्या.

"हे कुणी केलं?"

"आमचे तं डोये मिटेल होते, मॅडम!" सगळा वर्ग एका सुरात.

"मी पाह्यलं," अजहर बोलून गेला.

"म्हणजे तुझे डोळे उघडे होते?"

झालं, चौकशी तिकडेच वळली. त्याला उभं केलं, पण गड्याने फलकचं नाव काही घेतलं नाही. मॅडमनी मात्र कात्री मागवली आणि फोटोत बरं दिसावं म्हणून माझी सगळी झालर दोन्हीकडून साफ छाटली. मला दुखलं ते दोऱ्यांसाठी नाही. उद्या बाजार होता आणि पोरीची सरावाची जागाच गेली होती. फलकने खाली पडलेले दोन तुकडे उचलून दप्तरात टाकले.

तो आठवडा मी पोत्यांमागे कसा काढला, ते माझं मला माहीत.

बुधवारी मला अंथरलं. साहेब आलेच नाहीत. फलक आली. दोन वेण्या! एक वर, एक खाली, पण घट्ट. टोकांना माझे निळे दोरे.

"रिबिनी लाल पाहिजेत," सर म्हणाले.

"अगं, घातल्या कुणी?" मॅडमनी विचारलं.

"म्या. अब्बाले बाजारात जायच्या आधी घालून दाखोल्या, डोये मिटून. अब्बा गाद्या शिवते ना. वढून पाह्यलं अन् म्हने, टाका मजबूत हाय. मंग न्हाव्याकडं नेलंच नाही."

"बघा सर, ध्यानाचा परिणाम!" मॅडम खूश झाल्या. त्यांनी तक्ता पुढे केला. फलकने रडक्या चेहऱ्यावर बोट ठेवलं.

"अगं, इतक्या छान वेण्या घातल्यास आणि रडका काऊन?" घाईत त्यांच्याही तोंडी गावची बोली आली.

"अम्मीनं पाह्यल्या नाहीत ना अजून."

मॅडमनी तक्ता बाजूला ठेवला. पहिल्यांदाच त्या खुर्ची सोडून माझ्यावर येऊन बसल्या, फलकला चिकटून. फोन वाजला, तो त्यांनी वाजू दिला. बाहेर खिचडी संपत आली होती. अजहर दोन ताटं भरून घेऊन आला.

आता मी भुंडी सतरंजी आहे आणि उन्हाळ्यात माझ्या जागी रंगीत चटया येणार म्हणतात. येऊ द्या. एवढंच मागते, की त्यांनाही झालर असावी, आणि मुलांना डोळे मिटायला सांगणाऱ्याने आपले तेवढे उघडे ठेवावेत.

त्या बुधवारी फोटो काढायचा राहिला. त्यामुळे अहवालात त्या दिवसापुढे लिहिलंय, 'उपक्रम झाला नाही.'