खिंडीपुरती हवा

तुर्दुबायने अट घातली तेव्हा आम्ही माझ्या दुकानात चहा पीत होतो. दुकान म्हणजे मुर्गाब या उंच पठारावरच्या गावाच्या बाजारातला मालाचा एक जुना कंटेनर. अर्ध्यात माझी हत्यारं, अर्ध्यात शेगडी आणि दोन स्टुलं.

"जाईन," तो म्हणाला, "पण माझ्या गाडीतून जाईन. दुसऱ्याच्या गाडीत पिठाच्या पोत्यासारखा पडून जाणार नाही. माझी जीप अकबैतालची खिंड चढली तर मी गेलो असं समज. नाही चढली तर विषय संपला. मग डॉक्टरीणबाईंनी गप्प बसायचं आणि माझ्या पोरानेही."

"ती जीप? ती बाजारातला चढ चढताना अल्लाचा धावा करते."

"मग तर प्रश्नच मिटला," असं म्हणून त्याने पावाचा तुकडा खारट चहात बुडवला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला स्पष्ट सांगितलं होतं. जन्मभर इतक्या उंचावर राहून काही माणसांचं रक्त घट्ट होत जातं, तसं त्याचं झालं होतं. हिवाळ्याच्या आत खाली ओशला जायचं आणि परत वर यायचं नाही. त्याचे ओठ निळे पडले होते, नखंही. बुटाची नाडी बांधायला वाकला तरी सुताराच्या करवतीसारखा श्वास वाजायचा.

आमच्या किरगिझ लोकांत एका वर्षी जन्मलेल्यांना कुर्दाश म्हणतात. कुर्दाशला काहीही बोलावं, नाकावरून, सासरवाडीवरून, म्हाताऱ्या घोड्यावरून, आणि त्याने रागवायचं नाही, हा रिवाज. गोम एवढीच, की एकदा थट्टेची सवय लागली की खरं बोलायला तोंडच उरत नाही. माझी बायको गेली तेव्हा तुर्दुबाय दारात उभा राहून म्हणाला, "आता तुझं जळकं मटण तुलाच गिळावं लागणार." आणि तिचा चाळिसावा दिवस होईपर्यंत रोज येऊन ते जळकं मटण तोच खात होता. माझी पोरं रशियात, त्याचा पोरगा ओशला. बाजारातले आमच्या वयाचे बाकीचे सगळे एक तर खाली उतरले, नाही तर जमिनीखाली गेले. राहिलो आम्ही दोघं. जाऊ नकोस, असं त्याला म्हणावं हे रोज मनात यायचं. पण कुर्दाशला असं म्हणायची पद्धत नाही.

म्हणून मी म्हटलं, "आण ती डबडी. बघू."

जीपचं दुखणं मला लगेच कळलं. इंजिनात हवा कोंबणारा टर्बो ठणठणीत होता, पण त्याच्यापर्यंत हवा जायची ती एका बारीक, चिरलेल्या रबरी नळीतून, आणि तीही रेडिएटरमागची तापलेली हवा. इथे वर हवा आधीच विरळ, तापली की आणखी विरळ. नाक दाबून माणसाला पळायला सांगण्यातला प्रकार. आमचे ड्रायव्हर यावर काय करतात? एअर फिल्टर काढून सीटखाली टाकतात आणि म्हणतात, गाडी मोकळा श्वास घेते. घेते ना, धुळीसकट घेते, आणि वर्षभरात इंजिनाचं मातेरं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, आणि बोल लावायचा खिंडीला!

मी लष्कराच्या भंगारातल्या ट्रकची मोठी फिल्टरपेटी आणली. रुंद नळी टाकली. बॉनेटच्या कडेला भोक पाडून लोखंडी पाइप काचेच्या बाजूने थेट टपापर्यंत नेला, म्हणजे हवा थंड मिळेल आणि धुळीच्या वरची मिळेल. विरळ हवेत जळेल एवढंच जावं म्हणून पंपातून डिझेल थोडं कमी केलं. वाईट काम करणं मला जमलं नसतं असं नाही. एखादा सांधा सैल सोडला असता तरी भागलं असतं. पण तुर्दुबाय शेजारी स्टुलावर बसून असायचा, आणि पाना फिरवताना त्याचा तो श्वास माझ्या कानात पडायचा. मी सगळे सांधे आवळले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

निघायच्या सकाळी त्याने रजया, चहाचा समोवार आणि बायकोचा फोटो मागच्या सीटवर बांधला. गाडी चढली तर तो तसाच पुढे जाणार होता. पलीकडे कराकुलला त्याचा पोरगा येऊन थांबला होता. मी खिंडीच्या माथ्यापर्यंत सोबत जायचं आणि मिळेल त्या गाडीने परतायचं, असं ठरलं.

सपाटीवर जीप अशी पळाली की मलाच माझा अभिमान वाटला. तुर्दुबाय गाडी चालवत होता आणि माझ्या कामाला एकही नाव ठेवत नव्हता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. चढ सुरू व्हायच्या आधी त्याने गाडी थांबवली.

"रेडिएटरला पाणी घे. वर नळ नाहीये तुझ्या बापाचा."

मी डबा घेऊन ओढ्यावर गेलो, टाचेने बर्फ फोडला, पाणी भरून आणलं. आम्ही पुढे निघालो. पहिलं वळण कसंबसं झालं. दुसऱ्यावर इंजिन घरघरलं, मागे काळा धूर. तिसऱ्या वळणावर जीप आचके देऊन बंद पडली.

"झालं!" तुर्दुबायने दोन्ही हात स्टिअरिंगवर आपटले. "जाकिप मिस्त्री, तो पाइप काढ आणि तुझ्या शेगडीला धुराडं म्हणून लाव. फिरव गाडी. संध्याकाळी मटण मी शिजवतो, तुझ्या हातचं पुरे झालं."

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. पोटातून झाला. तिथेच बसल्या बसल्या मी मनातल्या मनात मांडे खाल्ले: सगळा हिवाळा, शेगडी, दोन स्टुलं, आणि समोर हा कावळा कावकाव करतोय. मग सवयीने खाली उतरलो आणि बॉनेट उघडलं. फिल्टर स्वच्छ. सांधे घट्ट. वर चढून पाइपच्या तोंडाशी हात नेला, आत बोटं घातली, आणि बोटांना लोकर लागली.

याकच्या लोकरीचा मोजा. चांगला दाबून, आतवर कोंबलेला.

मी खिडकीशी गेलो. "पाय दाखव."

"काय?"

"बूट काढ आणि पाय दाखव."

त्याने बूट काढला नाही. समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिला. श्वास वाजत होता. इथपर्यंत आलो तेवढ्यानेच त्याचे ओठ जांभळे झाले होते, आणि तरी हा म्हातारा त्या थंडीत एक पाय उघडा ठेवून बसला होता, मुर्गाबला परतायचं म्हणून. माझ्याकडे परतायचं म्हणून. इतक्या वर्षांत त्याने मला सांगितलेली ही पहिली खरी गोष्ट, आणि तीही मोज्यातून.

मी परत वर चढलो. मोजा आणखी आत ढकलला असता, तर कुणाला कळलं असतं? त्याने विचारलं नसतं, मी बोललो नसतो. त्याचं घर उघडं राहिलं असतं. फेब्रुवारीपर्यंत, किंवा फार तर मार्चपर्यंत. मग मीच ते बंद केलं असतं.

मी मोजा ओढून काढला आणि त्याच्या मांडीवर टाकला.

"घाल. पाय गारठेल."

त्याने बराच वेळ लावून मोजा घातला. वाकायला जमेना, तेव्हा मीच बुटाची नाडी बांधली.

"तिथे हात घालायची काय गरज होती?" तो हळूच म्हणाला.

"मी मिस्त्री आहे. हवा अडली की तिथेच बघावं लागतं."

"दुसरा मिस्त्री असता तर बघितलं नसतं."

"दुसरा इथे आहेच कुठे?"

त्यानंतर जीप एकदाही अडखळली नाही. वळणामागून वळण घेत सरळ वर गेली. धूर नाही, घरघर नाही. इतकं चांगलं काम मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि प्रत्येक वळणावर मी त्या कामाला शिव्या घालत होतो.

माथ्यावर वारा होता. मी उतरलो. त्याने इंजिन बंद केलं नाही. चल माझ्याबरोबर, एवढं तो म्हणेल म्हणून मी दारापाशी उभा राहिलो. मी नाहीच म्हणालो असतो. खाली मला कोण ओळखतं? पण त्याने विचारायला हवं होतं. त्याने माझ्या हातावर हात ठेवला, नखं निळीच होती, आणि गियर टाकला.

जीप उताराला लागली तेव्हा मी दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडलो, "नीट चालव रे, म्हाताऱ्या गाढवा, खाली तुझ्यासारखे आधीच खूप आहेत!" उत्तराची वाट पाहिली. एरवी त्याचं उत्तर माझं बोलणं संपायच्या आत तयार असायचं. वारा माझ्याकडून त्याच्याकडे वाहत होता, त्याला ऐकू गेलंच असणार. जीप खाली खाली गेली, वळली, दिसेनाशी झाली, आणि आमच्या सगळ्या जन्मात पहिल्यांदा शेवटचा शब्द माझा राहिला.