लिखेचं वय

कानामागे

अंतराच्या डाव्या कानामागचा तीळ हलला.

शैलानं लेकीच्या कानाशी मोबाइलची बॅटरी लावली. तीळ नव्हता, ऊ होती.

अजून शोधलं. मानेपाशी केसांना बारीक पांढरे दाणे. फुंकर मारली, उडाले नाहीत. चिमटीत धरून ओढले. केस ताणला गेला, दाणा जागचा हलला नाही. कोंडा असता तर झडला असता. या लिखा.

आता एकच प्रश्न. कोणाच्या?

कोणाच्या

वर्गात शेजारी बसणारी: बॉयकट. नाही.

जालन्याची आत्या: आली होती, पण वेगळ्या खोलीत झोपली. नाही.

समोरची आकांक्षा: कमरेपर्यंत केस. रोज संध्याकाळी इथंच. दोघी एका मोबाइलवर, डोक्याला डोकं लावून. आणि ते कुटुंब आत्ता कुठं गावाकडून भोकरदनला आलेलं.

नाही, असं शैला म्हणाली नाही. पण ती बँकेत नोकरीला होती. पुराव्याशिवाय बोलायचं नसतं, हे तिला माहीत होतं.

भांगात

"आकांक्षा, ये गं. वेणी घालून देते."

"आईनं घातली ना काकू, सकाळीच."

"विस्कटलीय. बस."

पोर मांडी घालून बसली. शैलानं आरशाखालची फणी उचलली, भांग उघडला. पांढरे ठिपके. सगळीकडे. शैलाला चक्क आनंद झाला.

"खाजतं का?"

"न्हाई."

"खरं सांग."

"कापूस कुठं खाजतो काकू?"

"कसला कापूस?"

"आमच्या घरात भरलाय ना, भाव येईस्तोवर. मी त्याच्यावरच झोपून राह्यले. लई मऊ लागतंय. पप्पा चिडतेत."

शैलानं फुंकर मारली. ठिपके उडाले. एक चिमटीत धरला, तो केसावरून सहज निसटून आला. कानामागे पाहिलं, मानेपाशी पाहिलं. डोकं स्वच्छ.

मग तिचं लक्ष फणीकडे गेलं.

हीच फणी दुपारी अंतराच्या डोक्यातून फिरवलेली. धुतली होती? दातांच्या फटीत एक ऊ चालत होती. एवढी एकच होती, की बाकीच्या उतरून गेल्या?

तिनं वेणी घट्ट घातली आणि पोरीला घरी पाठवलं.

दारात

अंतरा अभ्यास करतेय.

अंतरा झोपलीय.

अंतराला बरं नाही. तू नंतर ये.

(हे सगळं एकाच आठवड्यात. अंतराला औषध लावून झालं होतं. समोरच्या घरी काय निघतंय, याची शैला वाट बघत होती.)

मुळाशी

आकांक्षाची आई, नंदाबाई आली तेव्हा तिच्या एका हातात लेकीचा दंड होता, दुसऱ्या हातात कात्री.

"ताई, तुमी त्या दिवशी वेणीसाठी बोलावलं न्हवतं. बघायला बोलावलं होतं. मला राग आल्ता. मंग मीच पाह्यलं. निघाल्या. तुमचा संशय बराबर होता."

"कात्री कशाला?"

"तुमच्यासमोरच कापते. मंग तर येऊ द्याल पोरीला? रोज रडून राह्यली."

आकांक्षानं दोन्ही हातांनी वेणी छातीशी धरली होती.

शैलाला खोटंही बोलावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प बसलं की झालं.

तिनं आकांक्षाचे केस बाजूला केले. लिखा होत्याच. तपकिरी, कातडीला अगदी टेकून. लीख जागा सोडत नाही; केस वाढतो आणि तिला वर घेऊन जातो.

"अंतरा, इकडे ये."

दोघींना उन्हात शेजारी बसवलं. अंतराच्या मानेवरचा केस उचलला. मेलेली लीख अजून चिकटलेली होती. पांढरी, पोकळ, मुळापासून बोटाच्या पेराएवढी दूर.

"ही बघा. जुनी. आकांक्षाच्या सगळ्या मुळाशी आहेत, म्हणजे आत्ताच्या. आमच्याकडून तुमच्याकडे आल्यात."

नंदाबाईनं दोन्ही डोकी पाहिली, पुन्हा पाहिली.

"जवळ बसून गेल्या असतील. लेकरंच हायेत."

बरी वाट होती. शैला त्या वाटेनं गेली नाही.

"फणीतून गेल्या. मी अंतराचीच फणी हिच्या डोक्यात फिरवली. तेव्हा हिचं डोकं साफ होतं."

"म्हंजे तपासायला बोलावलं, अन् तपासता तपासता दिल्या?"

"हो."

"अन् दार कशापायी लावून घेतलं मंग?"

पोरी एकमेकींकडे बघून हसू दाबत होत्या. नंदाबाईनं कात्री पदराआड कमरेला खोचली आणि शैलाच्या अंबाड्याकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"लेकीजवळच झोपता ना तुमी?"

"हो. का?"

"बसा खाली. केस सोडा."

"अहो, मला काही नाही."

"असंच म्हणतेत समदे. बसा. फणी मी घरून आणते, तुमच्या फणीचा भरोसा न्हाई."

शैला उन्हात, दोन्ही पोरींच्या रांगेत बसली आणि अंबाड्याचा आकडा काढला.