पातं थंड की दांडा?

सकाळपासून बाप-लेक शेताकडेचा पाट साफ करत होते. गारठा असा होता की ढेकळंही फुटायला कां कूं करत होती. लेकीनं फावडं पात्याजवळ धरलं तसा बाप खेकसला, "लोखंडाला हात नको लावू. दांड्यापेक्षा थंड असतं ते."

"नसतं बाबा. दोन्ही सारखंच थंड."

झालं! तोंडाला तोंड लागलं.

या बापाला गाव प्रोफेसर म्हणायचं. शाळा त्यानं अर्ध्यातच सोडली होती, पण वस्तू का फुगते, का गंजते, का आटते, काहीही विचारा, उत्तर तयार. ते खरं असेलच असं नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. पण माणूस एवढ्या आशेनं विचारतोय म्हटल्यावर त्याला रिकाम्या हातानं कसं परत पाठवायचं? हाक थट्टेची आहे हे कळत असूनही ती त्याला गोड वाटायची. "उथळ पाण्याला खळखळाट फार," असं बायको म्हणाली की तो म्हणायचा, "अगं, खळखळाटामुळंच तर कळतं इथं पाणी आहे."

खरं तर भांडण लोखंडाचं नव्हतंच. लेकीला शहरातल्या कॉलेजात शास्त्र शिकायला जायचं होतं. प्रवेश मिळाला होता, कपडे भरून झाले होते, आणि बापच आडवा आला होता. एकुलती एक पोर. ती गेल्यावर आपलं ऐकून घेऊन वर वाद घालणारं घरात कोण उरणार, या विचारानं त्याला घास गोड लागत नव्हता. तसं सांगायची लाज वाटली, म्हणून तो म्हणाला, "शहरात काय वेगळं शिकवणार आहेत? मला विचार तीन प्रश्न. एक जरी बरोबर आला तर कॉलेजचं नाव काढायचं नाही."

"आणि तिन्ही चुकले तर?"

"तर मी स्वतः तुला गाडीत बसवून देतो."

संध्याकाळी दुकानाच्या ओट्यावर निम्मं गाव जमलं. दुकानदार पंच झाला. फावडं दुपारपासून दुकानाच्या सावलीत उभं होतं.

"भरलेली बादली विहिरीच्या पाण्यात असेपर्यंत हलकी लागते, वर आली की जड. का?" लेकीनं विचारलं.

"पाणी पाण्याला ओळखतं," प्रोफेसर म्हणाला. "घरच्या माणसाला कुणी भार होतं का?"

ओट्यावरून वाहवा झाली. लेक म्हणाली, "खालचं पाणी बादलीला वर रेटतं, म्हणून. पुढचा. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम का होतो?"

"माणूस जोर लावताना चिडतो. ती चीड पंपात उतरते."

"दाबल्यावर हवाच तापते बाबा. आता शेवटचा, सकाळचाच. पातं थंड की दांडा?"

"पातं! शंभरदा सांगितलं."

लेकीनं दुकानातून बर्फाचे दोन सारखे खडे मागून घेतले. एक पात्यावर ठेवला, एक दांड्याच्या झिजलेल्या खोलगटात. "पातं जास्त थंड असेल तर बर्फ कुठं जास्त टिकेल?"

"पात्यावर. हे काय विचारणं झालं?"

सगळे वाकून बघत बसले. पात्यावरचा खडा बघता बघता पाणी होऊन ओघळला. दांड्यावरचा तसाच.

"लोखंड ऊब चटकन इकडून तिकडे नेतं," लेक म्हणाली. "आपल्या हाताची ओढून घेतं म्हणून थंड वाटतं. बर्फाला पोचवतं म्हणून तो वितळतो."

प्रोफेसरनं ओल्या पात्यावरून बोट फिरवलं. उभा जन्म फावडं हातात, आणि हे कधी दिसलं नव्हतं. त्याला पोरीचा अभिमान वाटला आणि त्याच दमात ती आता जाणार हेही कळलं.

तेवढ्यात ओट्यावरचा एक हमाल उठला. "पोरी, माझा हात खोटं बोलतो होय? लोखंडच थंड!"

"मतं घेऊ," पंच म्हणाला. "लोखंड थंड म्हणणाऱ्यांनी हात वर करा."

झाडून सगळे हात वर गेले, एक प्रोफेसरच्या बायकोचा सोडून. मग कुणीतरी ओरडलं, "मागचे दोन पण घ्या!" बादली पास झाली, पंपही पास झाला. तीनपैकी तीन. प्रोफेसरला शाळेत एवढे मार्क कधी मिळाले नव्हते.

लेकीनं बाहीनं पातं पुसलं. तिच्याकडे बघून त्याला राहवेना.

"थांबा! मी चुकलोय. तिन्ही चुकले."

"असं कसं? बहुमत आहे!" पंच म्हणाला.

"मग बहुमतानं तो बर्फ परत गोठवून दाखवा की."

गाव चिडलं. निवडून दिलेला माणूस असा उलटतो म्हणजे काय!

निघायच्या दिवशी त्यानं लेकीचं सामान स्वतः गाडीवर चढवलं. पोचल्यावर कळव, एवढंच चारचारदा बजावलं. गाडी वळणाआड गेली तसे त्याचे डोळे भरून आले, आणि नेमका तेव्हाच मागून दुकानदार आला.

"काय प्रोफेसर, पैज जिंकूनसुद्धा पोरीला धाडलं?"

"काय करणार," तो नाक पुसत म्हणाला. "अख्खं गाव माझ्याएवढंच हुशार निघालं."