समुद्रातल्या म्हाताऱ्याला मिठी

"सोडा त्याला, सासूबाई. जनावर आहे ते, चावेल."

मेनिप्पेने सोडलं नाही. भर दुपारी समुद्रकाठच्या गुहेत झोपलेल्या म्हाताऱ्या सीलवर तिने अंग झोकून दिलं होतं आणि त्याच्या मानेखाली दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवली होती. देवळातल्या रांजणावर चितारलेला वीर समुद्रातल्या म्हाताऱ्याला असाच धरतो. तो देव सिंह होतो, साप होतो, पाणी होतो. मिठी सुटली नाही, तर शेवटी मूळ रूपात येतो आणि विचारलेलं खरं सांगतो.

तिला एवढंच विचारायचं होतं, आपला मुलगा थेरोन बुडाला की जिवंत आहे? समुद्रतळाचे स्पंज काढायला गेलेली त्याची होडी परतलीच नव्हती. मेला असेल, तर तर्पणावाचून त्याचा जीव मेलेल्यांच्या नदीपलीकडे जायचा नाही. जिवंत असेल, तर तर्पण करणं म्हणजे आईनेच त्याला मारणं. इकडे सुनेला न्यायला तिचे वडील येऊन रिकाम्या हाताने परतले होते. नवरा मेल्याचं कुठं ठरलंय, असं म्हणून फिला घरातच राहिली आणि दिवसेंदिवस वाळत गेली.

सील गुरगुरला. दात मेनिप्पेच्या दंडात रुतले.

"सिंह झाला," ती पुटपुटली. त्याने अंग पिळवटलं, तेव्हा म्हणाली, "हा साप." ओली कातडी हातातून निसटू लागली, तशी तिने मिठी आणखी आवळली. आता पाणी. आता येईलच तो.

सील थकून निपचित पडला. तिने थेरोनचं नाव घेऊन विचारलं. त्याने पाणावलेला डोळा उघडला आणि मिटला. दाढी नाही, कपाळ नाही, माणसाचं काहीच उमटेना.

"रूप बदल ना रे," ती म्हणाली. "रोज सकाळी उपाशीपोटी तुला जव वाहते मी. एकदाच बदल."

तो नुसता धापा टाकत राहिला. कितीतरी वेळाने तिची बोटं आपोआप सुटली. सील घसरत पाण्यात गेला.

फिला जवळ आली. मघाशी जनावर म्हणणाऱ्या पोरीने हलक्या आवाजात विचारलं, "काय म्हणाला?"

मेनिप्पेने तिचे खोल गेलेले गाल पाहिले. देवाच्या नावाने ती जन्मात खोटं बोलली नव्हती.

"गेला म्हणाला. होडी बुडाली त्याच दिवशी."

तिने दंडाचं रक्त धुतलं, सुनेकडे पाठ करून खडकावर बसली आणि केस मोकळे सोडले.

"शिंपले उघडायची सुरी आहे ना तुझ्याकडे? शोकात केस उतरवायचे असतात, मुळापाशी काप."

फिलाने पहिली बट हातात घेतली. सुरी लावण्याआधी तिने ती बोटांनी सावकाश विंचरली.