लायलॅक करपला तेव्हा

इबार नदीकाठच्या आमच्या गावात घरोघरी जांभळ्या फुलांचा लायलॅक आहे, पण स्तोयांकाच्या कुंपणाइतका दाट कुणाचाच नव्हता. तो तिच्या नवऱ्याने लावलेला. नवरा गेल्यावर तिने त्याच्या एका फांदीलाही कात्री लागू दिली नाही. त्या ऑगस्टात मात्र पानं तपकिरी पडू लागली आणि बघता बघता अर्धं कुंपण करपलं.

कुंपणापलीकडे तिचा चुलत दीर रादिसाव राहायचा. कुंपणालगतच्या आपल्या मक्यात तो तणनाशक मारत असताना तिने त्याला पाहिलं होतं. एके दिवशी पावाच्या दुकानात, चारचौघांत ती कडाडली, "भावजी, विष मारलंत ना माझ्या झाडांवर? भावाची आठवणसुद्धा बघवेना तुम्हाला!"

रादिसावने हातातला पाव परत ठेवला आणि निघून गेला. गावाने त्याचं नाव 'विषवाला' ठेवलं. सणाच्या जेवणाला त्याच्या शेजारची खुर्ची रिकामी राहू लागली.

शरदात शेतीखात्याची बिल्याना गावातले रासबेरीचे मळे बघायला आली. स्तोयांकाने तिला ओढत कुंपणाशी नेलं. बिल्यानाने फांद्या बाजूला केल्या, पानं उलटीसुलटी केली.

"विष असतं तर शेंड्याची कोवळी पानं वाकडी झाली असती, तीही मक्याच्या बाजूची. इथे खालची, आतली पानं आधी गेलीत. हे डाग बघा, पसरत एकमेकांत मिसळलेत. बुरशी आहे, मावशी. यंदा पाऊस किती झाला! त्यात तुम्ही वारा शिरायला जागाच ठेवली नाहीत."

"मग आता?"

"गळलेली सगळी पानं गोळा करून जाळा. जुनी जाड खोडं जमिनीलगत कापा, पण सगळी एकदम नको. पाणी मुळाशी घाला, पानांवर नको. वसंतात पालवी फुटताना मोरचूद-चुना फवारा."

"म्हणजे भावजींनी काही नाही केलं?"

"कोण भावजी?"

आलुबुखारच्या दारूची बाटली घेऊन स्तोयांका रादिसावच्या दारात गेली. "चुकलं माझं, भावजी."

त्याने बाटलीकडे पाहिलंही नाही. "दुकानात बोललात ना, वहिनी? मग हेही तिथेच सांगा."

ती तशीच दुकानात गेली. रादिसाव निर्दोष आहे, ती बुरशी होती, असं तिने मोठ्याने सांगितलं. दुकानदार हसला, "आजी, जुनं कशाला उकरता? पाव किती देऊ?" मागून कुणी तरी म्हणालं, "दम दिलेला दिसतोय विषवाल्याने!" सगळे खिदळले. ती पुन्हा पुन्हा सांगत राहिली, पण कुणी ऐकून घेतलं नाही.

हिवाळ्यात तिने स्वतःच करवत चालवली. वसंतात फुलं थोडीच आली, पण पालवी स्वच्छ, हिरवीगार होती. ती फवारायला उभी राहिली तेव्हा विरळ झालेल्या फांद्यांतून रादिसावचं अंगण दिसलं. तो उन्हात कॉफी पीत बसला होता.

"भावजी, झाडं वाचली!"

त्याने कप उचलला, खुर्ची उचलली आणि घरामागे सावलीत जाऊन बसला.